शब्दचर्चा: एरिक 'रोइदी' की 'रोइदुर'? (आइसलँडिक आणि फेरोईज विशेषणं)

मधुमालती

एका दिवाळी अंकासाठी ग्रीनलंडवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. मूळ लेख इंग्रजी आहे, पण माणसांची नावं आइसलँडिक उच्चाराच्या जवळची द्यायची असं ठरलंय. इ.स. ९८५ च्या सुमाराला तिथे वसाहत वसवणारा जो प्रसिद्ध एरिक, त्याला मी 'एइरीकुर रोइदी' लिहिलं. संपादकांनी कोश उघडला. कोशात लाल म्हणजे 'रोइदुर', म्हणून त्यांनी लेखभर रोइदुर करून टाकलं. मी परत रोइदी केलं, त्यांनी परत रोइदुर. दोघांनाही भाषा येत नाही, त्यामुळे भांडण फारच रंगलंय.

प्रश्न दोन. रोइदी बरोबर असेल तर कोशात रोइदुर का? आणि कंसात मराठी अर्थ द्यायचाय, तर 'लाल एरिक' की 'तांबडा एरिक'? केस-दाढीच्या रंगावरून नाव पडलं म्हणतात. जाणकारांनी लवकर सांगा, अंक छपाईला जायचाय.

आर्क्टिक आंबा

मधुताई, तुमचंच बरोबर, पण संपादकांचा कोशही खोटं बोलत नाही. रेक्याविकला (आइसलँडची राजधानी) काही वर्षं राहिलोय आणि तिथल्या सक्तीच्या भाषावर्गात याच विशेषणांनी माझं डोकं खाल्लंय, तेव्हा बोलायचा हक्क आहे.

आइसलँडिकमध्ये प्रत्येक विकारी, म्हणजे लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे 'चालणाऱ्या' विशेषणाचे दोन संसार असतात. 'रोइदुर हेस्तुर' म्हणजे कुठलातरी एक लाल घोडा. 'रोइदी हेस्तुरिन' म्हणजे तो, आपल्याला माहीत असलेला लाल घोडा (शेवटचं 'इन' हे 'तो'चं काम करतं, नामाच्या शेपटीला चिकटतं). वस्तू अनोळखी असेल तर विशेषण पहिल्या पद्धतीने चालतं, ओळखीची असेल तर दुसऱ्या. व्याकरणात यांना स्ट्राँग आणि वीक म्हणतात.

एरिक हा कुठलातरी लाल माणूस नाही, तो एकच. म्हणून रोइदी. त्याचा मुलगा लेइवुर हेप्नी, म्हणजे नशीबवान लेइवुर. इतिहासकार आरी फ्रोदी, म्हणजे बहुश्रुत आरी. हे सगळे 'ई'वाले. बाई असेल तर 'आ': ओइदुर द्यूपूद्गा, खोल मनाची ओइदुर. आणि 'ओइदुरला पाहिलं' म्हणायचं तर 'ओइदी द्यूपूद्गु'. नाव बदललं, विशेषणही बदललं.

कोशात अर्थातच स्ट्राँगचं पुल्लिंगी एकवचनी प्रथमेचं रूप छापतात, म्हणून रोइदुर. स्ट्राँगमध्ये तीन लिंगं, दोन वचनं, चार विभक्ती, म्हणजे चोवीस घरं. त्यात वेगळी रूपं तेरा: रोइदुर, रोइदान, रोइदुम, रोइद्स, रोइद, रोइदा, रोइद्री, रोइद्रार, रोइत्त, रोइदु, रोइदिर, रोइदार, रोइद्रा. वीकमध्ये फक्त तीन: रोइदी, रोइदा, रोइदु. अनेकवचनात तर डोळे मिटून रोइदु.

तिरकसराव

एवढं पुराण कशाला? आपलं सामान्यरूप आहे हे. काळा घोडा, काळ्या घोड्याला. रोइदुर, रोइदी. झालं.

आर्क्टिक आंबा

नाही हो राव. सामान्यरूप प्रत्ययाआधी येतं. 'रोइदी' ही शुद्ध प्रथमा आहे. 'एरिक आला' मध्येही रोइदीच.

जुनं पान

तिरकसराव चुकले, पण उदाहरण मात्र सोन्यासारखं देऊन गेले. 'काळ्या घोड्याला' सोडा. 'ए काळ्या' घ्या. 'काळ्या आला', 'जाड्या गेला', 'टकल्या कुठेय?' इथे 'काळ्या'ही प्रथमाच आहे. काळा हा गुण, कुणालाही लावा. काळ्या हा एक विशिष्ट इसम. गुणाचं माणसात रूपांतर करायला मराठीने वेगळा शेवट राखून ठेवलाय. दिसायला सामान्यरूपासारखा, काम अगदी वेगळं.

जर्मानिक भाषांतली (आइसलँडिक, जर्मन, इंग्रजी यांचं कुळ) वीक पद्धत नेमकी अशीच जन्मली, असं ऐतिहासिक व्याकरणात मानतात. मूळ एक 'न'कारान्त प्रत्यय होता, विशेषणाला लागून 'तो अमुक गुणवाला' असं नाम करणारा. लॅटिनमध्ये 'कातुस' म्हणजे चतुर, त्यावरून 'कातो' (षष्ठीत कातोनिस, तिथे न दिसतो) हे आडनाव. ग्रीकमध्ये 'स्त्राबोस' म्हणजे तिरळा, त्यावरून 'स्त्राबोन', म्हणजे आपल्याकडचा तिरळ्या. ग्रीक आणि लॅटिनमध्ये हा प्रकार टोपणनावांपुरता राहिला. जर्मानिकमध्ये त्याने सगळी विशेषणं व्यापली: आधी 'घोडा, तो लालवाला', मग 'तो लाल घोडा'. पुढे आइसलँडिकमध्ये न गळाला आणि मागे नुसते स्वर उरले.

म्हणजे मधुताई, तुमचा एरिक हे त्या पद्धतीचं सगळ्यात जुन्या वळणाचं उदाहरण आहे. टोपणनाव हेच तिचं मूळ घर.

तिरकसराव

म्हणजे 'रोइदी' आणि 'तांबड्या' यांचा प्रत्यय एकच! वा. आता कुणीतरी म्हणेल सगळं संस्कृतातून निघालं.

जुनं पान

एकच नाही. काम सारखं, वंश वेगळा. आपला 'काळा' मुळात 'कालक'. तो 'क' झिजला आणि 'आ' उरला, म्हणून काळा-काळी-काळं चालतं. तत्सम 'सुंदर'ला असा क लागलेला नाही, म्हणून बिचारा जागचा हलत नाही. तिकडे 'न'ने वाढवलं, इकडे 'क'ने.

आणि संस्कृतातून निघालं असं मी म्हणणार नाही, पण भावकी आहे ती आहे. स्ट्राँग पद्धतीच्या प्रत्ययांकडे बघा. त्यातले बरेचसे विशेषणाचे नाहीतच, सर्वनामाकडून उसने आणलेले आहेत. ही उसनवारी संस्कृतातही दिसते. 'देव'चं अनेकवचन 'देवाः'. मग 'सर्व'चं 'सर्वाः' व्हायला हवं. पण प्रार्थनेत आपण 'सर्वे' म्हणतो, 'ते'सारखं. नपुंसकलिंगी 'अन्यम्' हवं, तर होतं 'अन्यत्', 'तत्'सारखं. षष्ठी 'सर्वेषाम्', 'तेषाम्'सारखी. संस्कृतात ही लागण मूठभर शब्दांपुरती राहिली, जर्मानिकमध्ये सरसकट सगळ्या विशेषणांना झाली. 'रोइत्त' मधला शेवटचा त म्हणजे आपल्या 'तत्' मधला त. 'रोइद्रा' मधला 'रा' हा 'सर्वेषाम्'च्या 'षाम्'चा चुलत भाऊ: दोन स्वरांमधल्या स चा आधी झ झाला, मग र.

मधुमालती

पानकाका, हे भारीच आहे. पण मग 'रोइदुर' मधला 'उर' कुठून आला? संपादकांना तेवढं तरी सांगता येईल.

जुनं पान

तो मात्र सर्वनामाचा नाही, साधा पुल्लिंगी प्रत्यय. आपला विसर्ग. डेन्मार्कमध्ये गालेहुसला १७३४ मध्ये रूनलिपी (जर्मानिक लोकांची जुनी लिपी) कोरलेलं सोन्याचं शिंग सापडलं, साधारण पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं. १८०२ मध्ये ते चोरून वितळवलं गेलं, पण लेखाची नक्कल शिल्लक होती. त्यावर कारागीर स्वतःची ओळख देतो: 'एक हलेवागास्तिझ होल्तियाझ'. 'एक' म्हणजे मी (अहम्), आकडा नव्हे. 'होल्तियाझ' म्हणजे होल्तचा, होल्तकर म्हणा. शेवटचा तो 'अझ' म्हणजे संस्कृत 'अः'. अझचा झाला र, आणि नुसता 'रोइद्र' म्हणायला जड म्हणून मध्ये उ घुसला. रोइदुर.

म्हणूनच काही शब्द फसवतात. 'फागुर' (सुंदर) मधला र हा प्रत्यय नाही, मूळचाच. त्यामुळे द्वितीया 'फागान' होत नाही, 'फाग्रान' होते.

आर्क्टिक आंबा

आणि 'मोठा' हा शब्द आइसलँडिकमध्ये 'स्तोर', फेरोईजमध्ये (फेरो बेटांची भाषा, आइसलँडिकची बहीण) 'स्तोउरुर'. एकाने र मध्ये र जिरवला, दुसऱ्याने पुन्हा उर लावला. फेरोईज लोक एकंदरीत सढळ हाताचे. 'तो लाल घोडा'साठी तिकडे 'तान रेइयी हेस्तुरिन': पुढेही 'तो', मागेही 'तो', मध्ये वीक विशेषण. लिहिताना मात्र रेइयीत आइसलँडिकसारखाच 'द' असतो. उच्चारात तो नाहीच. १८४६ मध्ये हामर्सहाइम्ब यांनी फेरोईजची लेखनपद्धती बसवली ती व्युत्पत्ती बघून, तोंड बघून नाही.

'नवा' घ्या. आइसलँडिक 'नीर', फेरोईज 'नुज्जुर'. काय संबंध वाटतो का?

जुनं पान

संबंध आहे, आणि दोन्हींचा आपल्या 'नव्य'शी आहे. तो य आइसलँडिकच्या प्रथमेत दिसत नाही, पण द्वितीयेत 'नीयान' म्हणताना परत येतो. फेरोईजमध्ये तो स्वरापाशी घट्ट होऊन ज्ज झाला. असेच 'थुन्नुर' म्हणजे तनु, 'साइतुर' म्हणजे स्वादु, 'मिदुर' म्हणजे मध्य, 'फुत्लुर' म्हणजे पूर्ण.

आर्क्टिक आंबा

थांबा थांबा. 'फुत्लुर'चा रोजचा अर्थ तिकडे 'प्यायलेला' असा आहे! शुक्रवारी रात्री रेक्याविकच्या मुख्य रस्त्यावर निम्मे लोक फुत्लुर असतात. बाई असेल तर 'फुत्ल'.

तिरकसराव

आणि आमच्याकडे 'फुल्ल'. हा मात्र इंग्रजीतून आलेला आणि अजिबात न चालणारा: तो फुल्ल, ती फुल्ल, सगळे फुल्ल.

अनुस्वार

चर्चा रंगली आहे, पण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग कोणी हाती घेतलाच नाही. मी घेतो. 'तांबडा एरिक'च लिहावे. 'लाल' हा फारसी शब्द आहे. 'तांबडा' तांब्यावरून आलेला, आपला, आणि चालणारा: तांबडा, तांबडी, तांबड्या एरिकने. 'लाल एरिकने' यात लाल नुसता खांबासारखा उभा.

या बाबतीत आइसलँडिक लोकांकडून शिकण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉनिकला त्यांनी 'राव्राइत्न' हे विशेषण घडवले. 'राव' म्हणजे राळेचा तो पिवळा खडा, अंबर. ग्रीक 'इलेक्ट्रॉन'चाही अर्थ तोच. आणि शब्द घडवला तो असा की चोवीसही घरांत चालतो. आपण मात्र 'इलेक्ट्रॉनिक वस्तू' म्हणून मोकळे. सावरकरांनी दिनांक, महापौर दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज कोण हसतो?

तिरकसराव

अनुस्वारजी, 'ताजा' फारसी. 'सादा' फारसी. ताजी भाजी, ताजं दूध, साध्या माणसाला, व्यवस्थित चालतात की. शब्द चालतो तो शेवटच्या 'आ'मुळे, जातीमुळे नाही. आणि तुमचा तो 'सुंदर' इतका शुद्ध असून खांबच.

आर्क्टिक आंबा

तिकडेही तेच आहे. तरुण पोरं 'तोफ्फ' म्हणतात (इंग्रजी टफ, अर्थ 'भारी'), तो चालत नाही. 'लिल्ला' म्हणजे जांभळा, डॅनिशकडून आलेला, तोही चालत नाही. भाषाप्रेमी यावर नाकं मुरडतात. पण अस्सल जुन्या घराण्यातलेही न चालणारे आहेत की: 'साम्माउला' (सहमत), 'एइनमाना' (एकटा पडलेला), 'ग्याल्द्थ्रोता' (दिवाळखोर), 'हुग्सी' (विचारात गढलेला). दिवाळखोर पुरुष, बाई, कंपनी, सगळ्यांना एकच ग्याल्द्थ्रोता.

फेरोईजमध्ये तर षष्ठीच बोलण्यातून जवळजवळ गेली. पुस्तकातल्या तक्त्यात ते घर दाखवतात, पण कंसात. नपुंसकलिंगी चतुर्थीही पुल्लिंगीसारखीच 'उम'वर आणली. कोणाचं काही अडलं नाही.

मधुताई, 'तांबडा'ला माझं मत आहे, पण वेगळ्या कारणाने. आइसलँडमध्ये 'रोइदुर' घोडा म्हणजे झेंड्यासारखा लाल नव्हे, तांबूस-तपकिरी. केसांनाही तोच शब्द. मराठीत लाल केस म्हटलं की रंगवलेले वाटतात.

मधुमालती

हे पटलं. पण मग पानकाकांच्या हिशेबाने 'तांबड्या एरिक' नको का? टोपणनाव आहे ना!

अनुस्वार

कृपा करून नको. इतिहासपुरुष आहे तो, गल्लीतला पोरगा नाही. आपण 'थोरले माधवराव' म्हणतो, 'थोरल्या' म्हणत नाही.

जुनं पान

हा मुद्दा खरा आहे. मराठीत 'या'ने जवळीक किंवा हिणवणं येतं, 'रोइदी'त ते नाही. आदरार्थी 'तांबडे एरिक' तर चहावाल्याचं नाव वाटेल.

जाता जाता: आइसलँडिकचं पहिलं मोठं आधुनिक व्याकरण १८११ मध्ये रास्मुस रास्क या डॅनिश माणसाने लिहिलं, त्यात फेरोईजवरही पानं आहेत. हाच रास्क पुढे रशिया-इराणमार्गे १८२० मध्ये आपल्या मुंबईत आला आणि पारशी मंडळींकडून अवेस्ता आणि पेहलवी हस्तलिखितं मिळवून घेऊन गेला. आता ती कोपनहेगनला आहेत. स्ट्राँग-वीकचा विचार डोक्यात घेऊन हा माणूस फोर्टात हिंडत असेल.

तिरकसराव

विषय रास्कवर गेला म्हणजे धागा संपला.

आर्क्टिक आंबा

संपायच्या आधी माझी एक अडचण. आमचा शेजारी जिन्यात भेटला की मला म्हणायचा 'साइत्ल'. बायकोला 'साइल'. हेही विशेषणच, 'सुखी' अशा अर्थाचं, समोरच्याच्या लिंगाप्रमाणे चालतं. पण आम्ही दोघं बरोबर असलो की 'साइल'! मी बायकोच्या खात्यात जमा. वर्गात सांगितलं की पुरुष आणि बाई एकत्र असतील तर नपुंसकलिंगी अनेकवचन वापरायचं, आणि ते स्त्रीलिंगी एकवचनासारखंच दिसतं. असं का, ते कोणी सांगितलं नाही.

जुनं पान

कारण दोन्हींचा मूळ प्रत्यय एकच, लांब 'आ'. वेदात नपुंसकलिंगी अनेकवचन 'विश्वा' असंही येतं, 'विश्वानि'च्या जोडीला, आणि स्त्रीलिंगी एकवचनही 'विश्वा'च. नॉर्समध्ये (आइसलँडिक आणि फेरोईजची पूर्वज भाषा) त्या 'आ'चा 'उ' झाला. उ गळून गेला, पण जाताना आधीच्या स्वराला रंगवून गेला. म्हणून 'स्वार्तुर' (काळा), पण काळी 'स्वोर्त', आणि 'काळी' (अनेक, नपुंसक) तीही 'स्वोर्त'. आता मराठीत हेच वाक्य परत वाचा: काळी गाय, काळी मांजरं. आपल्याकडेही रूप एकच!

मधुमालती

अरेच्चा! आणि 'ती दोघं आली' हेही नपुंसकलिंगच ना? नवराबायको मिळून 'ती दोघं'. म्हणजे साइलच.

अनुस्वार

'ते दोघे आले' हे शुद्ध. 'ती दोघं' हे बोलण्यातले.

तिरकसराव

बोलण्यातलं म्हणजे अशुद्ध हे कुणी ठरवलं? माझी आजी आयुष्यभर 'ती दोघं' म्हणाली. आजोबांना 'ते' म्हणायची, पण जोडीने गेले की 'ती दोघं'.

आर्क्टिक आंबा

आइसलँडमध्ये यावरच सध्या जुंपलीय, फक्त उलट दिशेने. 'सर्वांचं स्वागत' याला पूर्वापार 'आत्लिर वेल्कोम्निर', पुल्लिंगी अनेकवचन. आता बरेच जण 'ओत्ल वेल्कोमिन' म्हणतात, नपुंसकलिंगी, कारण पुल्लिंगीत बायका धरल्यासारखं वाटत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, व्याकरणातलं पुल्लिंग म्हणजे पुरुष नव्हेत, हजार वर्षांची भाषा मोडू नका. वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंची पत्रं येतात.

तिरकसराव

म्हणजे तिथे सुधारक नपुंसकलिंग मागतायत, आणि इथे आयतं असलेलं अनुस्वारजी काढून घेतायत.

अनुस्वार

मी काढून घेत नाही. लेखनात कोणते वापरावे एवढेच सांगतो आहे. तुम्हाला दोन्हींतला फरक कळत नसेल तर चर्चा व्यर्थ आहे.

वेंगुर्ल्याचो

इतका येळ वाचतंय, आता ऱ्हवणा नाय. आमच्याकडे तरण्या मुलीक पण 'तां' म्हणतत. 'तां चेडू बरां असा.' पुण्यातल्या वयनींक पयल्यांदा आयकवलंय तर त्येंका राग इलो, "मी काय वस्तू आहे?" म्हणान. आता आंबाशेठ, तुमच्या त्या आयसलँडात बाईमाणसाक असा नपुसकलिंग लावतत काय, की ह्यां फक्त आमचांच?

आर्क्टिक आंबा

कवी म्हणजे 'स्काउल्द' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. दाढीवाला कवी असला तरी विशेषण नपुंसकलिंगी: 'गोत्त स्काउल्द', चांगलं कवी. बाईपुरतं म्हणाल तर जुन्या कवितेत 'वीव' आणि 'फ्ल्योद' हे स्त्रीवाचक शब्द नपुंसकलिंगीच आहेत. रोजच्या बोलण्यात नाहीत.

वेंगुर्ल्याचो

चांगलां कवी! ह्यां आमच्या गावच्या एका कवीक सांगूकच व्हयां.

अनुस्वार

धागा विशेषणांचा आहे, याची आठवण करून देतो. 'ती दोघं'साठी स्वतंत्र धागा काढावा.

तिरकसराव

काढला. या तिकडे.